गाठीवरचा चिमटा

क्लाइनडॉर्फच्या मैदानावर बेसबॉलचा सामना नऊ डावांचा होतो, पण गावाचा जीव अडकलेला असतो तो पहिल्याच डावात. पुढचे आठ डाव लोक बघतात ते केवळ इतक्या लवकर घरी जाऊन करायचं काय म्हणून.

याला कारण भांडी.

मैदानाच्या एका टोकाला, बॅटरच्या पाठीमागे, तारेची उंच जाळी. जाळीमागे सेंट नॉटबर्गा चर्चच्या बायकांचा केक-कॉफीचा ठेला. आणि ठेल्याच्या दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालतात तसली एक दोरी ताणलेली, मधोमध लाल चिंधीची गाठ. सामन्याआधी ज्याला हौस असेल त्याने आपलं नाव लिहिलेला चिमटा दोरीला लावायचा. पहिल्या डावात दोन्ही संघांपैकी कुणाचीही एक जरी धाव झाली तर डाव 'ओला'. एकही झाली नाही तर 'कोरडा'. कोरडा म्हणणाऱ्यांनी गाठीच्या डावीकडे लावायचं, ओला म्हणणाऱ्यांनी उजवीकडे. ज्याचा अंदाज चुकेल त्याने सामना संपल्यावर ठेल्यावरची भांडी घासायची. ही रीत कोणी पाडली ते कोणाला आठवत नाही, पण ती मोडलेली कोणी पाहिलेली नाही. एकदा पाहुणे म्हणून आलेले बिशप 'ओला' म्हणून बसले आणि बाह्या सरसावून चाळीस बश्या घासून गेले. मिनेसोटातल्या त्या पट्ट्यात असं काही खोटं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पकडलं जातं, म्हणून ते खरंच असणार.

ठेला सांभाळायची डेल्फिन राउश. त्याआधी चौतीस वर्षं तिने गावच्या डेअरीत दुधाची फॅट काढली होती. ज्या बाईने चौतीस वर्षं शेतकऱ्यांना तोंडावर 'तुझ्या दुधात पाणी आहे' असं सांगितलं आणि तरी जिच्या घराच्या काचा शाबूत राहिल्या, तिच्या शब्दाला वजन असणारच. ओला-कोरड्याचाही तिचा हिशेब होता. वारा कुठून वाहतोय, पाहुण्या पिचरने हात मोकळा करताना टाकलेल्या दहा चेंडूंपैकी किती सरळ गेले, पहिला बॅटर रात्री कुणाच्या लग्नात बिअर पिऊन आला आहे का. एवढं करून शंभरात साठ वेळा ती बरोबर यायची. गावात तिच्याहून जास्त कुणाचं येत नसे.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोरीवर एक चिमटा जास्त निघाला.

नावं त्रेसष्ट, चिमटे चौसष्ट. जास्तीचा चिमटा लाकडाचा, बिनस्प्रिंगचा, एकाच काटकीला मधोमध चिरून केलेला. डेल्फिनच्या आजीकडे असले असत. त्याच्यावर नाव नव्हतं. तो डावीकडे होता, आणि डाव कोरडा गेला. डेल्फिनने तो काढून खोक्यात टाकला. पुढच्या रविवारी खोक्यात तो नव्हता, दोरीवर होता. उजवीकडे. पहिल्याच बॅटरने चेंडू मक्याच्या शेतात पाठवला.

असं सहा रविवार झालं. एकदाही तो चुकला नाही.

क्लाइनडॉर्फची माणसं बोलतात सावकाश, पण भांडी चुकवायची म्हटलं की त्यांची डोकी विजेसारखी चालतात. जून सरता सरता सगळं गाव त्या बिननावाच्या चिमट्याशेजारी दाटीवाटीने आपले चिमटे लावू लागलं. कुणाचाच अंदाज चुकेना, त्यामुळे भांडी घासायला कुणीच उरेना. डेल्फिन आणि तिची जोडीदारीण बर्निस, दोघी मिळून एकशे चाळीस बश्या घासायच्या.

"ह्यूबर्ट, खरं सांग. हा तुझाच उद्योग ना?" डेल्फिनने एकदा विचारलं.

ह्यूबर्ट लार ब्याऐंशी वर्षांचा. जन्मभर शेती केली, त्याहून जास्त चेष्टा.

"माझा? अगं, आज जेवायला काय आहे ते मला ओळखता येत नाही, आणि साठ वर्षं तीच बायको रांधतेय."

"मग कुणाचा?"

"कुणाचा का असेना. मला तो माणूस आवडतो. बोलत नाही आणि चुकत नाही. आमच्या घरी असं कुणी नाही."

जुलैच्या पहिल्या रविवारी डेल्फिन सकाळची प्रार्थना आटोपली तशी दोरीसमोर खुर्ची टाकून बसली. जेवणाचा डबा मांडीवर, नजर दोरीवर. लोक आले, चिमटे लावून गेले. पावणेदोनला तिने मोजले. नावं एकाहत्तर, चिमटे एकाहत्तर. मागून बर्निस ओरडली, "साखर कुठेय गं?" मान न वळवता ही म्हणाली, "खालच्या फळीवर." आणि पुन्हा मोजले.

बहात्तर.

ह्यूबर्टच्या आणि फादरांच्या चिमट्यांच्या मधे तो होता. जरासा हलत होता, आत्ताच कुणाची तरी बोटं सुटल्यासारखा. वारा नव्हता.

हे तिने एकाच माणसाला सांगितलं. ॲलॉयस, तिचा धाकटा भाऊ. नवरा गेल्यापासून ती आणि ॲलॉयस एकाच घरात राहत होते. तो अडुसष्टचा, लग्न न केलेला, चाळीस वर्षं क्लाइनडॉर्फचा अंपायर.

"डोळे मिटले असशील," तो म्हणाला.

"नाही मिटले."

"माणूस मिनिटाला पंधरा वेळा मिटतो. मला विचार. चाळीस वर्षं लोक मला तेच ओरडून सांगतायत."

ती हसली नाही. तोही मग हसता हसता थांबला, कारण त्याला दम लागला. हल्ली तसंच व्हायचं. जिना चढला की दम, बूट बांधले की दम. हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. शहरातल्या डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं, जुलैच्या शेवटच्या सोमवारी सकाळी शस्त्रक्रियेची वेळ दिली, आणि बोलताना तीनदा 'शक्यता' म्हणाला. डेल्फिनने त्याला सरळ विचारलं, "शंभरात किती?"

डॉक्टरने चष्मा पुसला. "साठ," तो म्हणाला.

दुसरी एखादी बाई या आकड्याने सुखावली असती. डेल्फिनला साठ म्हणजे काय ते नेमकं माहीत होतं. उरलेल्या चाळीस वेळा ती स्वतः भांडी घासत आली होती.

सोमवारच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी सामना होता. ॲलॉयसने अंपायरचा काळा शर्ट इस्त्री केला. डेल्फिन काही बोलली नाही. त्यांच्याकडे असं काही बोलत नाहीत. तिने फक्त त्याच्या कॉफीत जास्त साय घातली आणि त्याने ती निमूटपणे प्यायली, तेवढ्यात काय ते झालं.

दुपारी दीडला ठेल्याजवळ गर्दी जमली होती. हातात चिमटे, पण लावत कुणीच नव्हतं.

जुना चिमटा गाठीवर होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. लाल चिंधीवर, बरोबर मधोमध, घट्ट.

"साहेबांना आज ठरवता येईना वाटतं," ह्यूबर्ट म्हणाला. "माझ्या बायकोची हवा लागली."

लोक हसले, पण हसणं लवकर संपलं.

"याचा अर्थ काय?" बर्निसने विचारलं.

"काही अर्थ नाही," डेल्फिन म्हणाली. "पहिला डाव एक तर ओला असतो, नाही तर कोरडा. तिसरं काही नसतं."

"पाऊस आला तर?"

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ धुतलेल्या बशीसारखं होतं.

लोकांनी मग आपापल्या बुद्धीने डावी-उजवी केली. डेल्फिनने चिमटा लावला नाही. पहिला डाव ओलाही नाही आणि कोरडाही नाही, असं फक्त एकाच तऱ्हेने होऊ शकतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. डाव संपलाच नाही तर. आणि डाव मधेच थांबतो कधी? मैदानावर काही घडलं तर. कुणी कोसळलं तर.

ती जाळीला वळसा घालून मैदानात गेली. ॲलॉयस छातीवर संरक्षक पट्टा बांधत होता.

"आज नको उभा राहूस."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

त्याने जाळीपलीकडच्या दोरीकडे पाहिलं. त्यालाही दिसलंच होतं. "डेल्फिन, तू चौतीस वर्षं दूध मोजलंस. एका चिमट्याला घाबरतेस?"

"हो."

"उद्या काय व्हायचं ते उद्या होईल. आज मला उभं राहू दे. इथे मी काय सांगेन ते खरं असतं. तिथे उद्या मला कुणी विचारणारसुद्धा नाही." त्याने पट्टा आवळला. "जा. केक काप."

सामना सुरू झाला. पाहुणे होते लेक अमालिया नावाच्या गावाचे. त्यांची पाळी चटकन आटोपली, धाव एकही नाही. मग क्लाइनडॉर्फची पाळी. पाहुण्यांचा पिचर कोल टेश, तेवीसचा, उंच, कानाच्या पाळ्या उन्हाने सोललेल्या. त्याची बायको पाहुण्यांच्या बाकावर बसून एका पायाने बाबागाडी झुलवत होती. कोलने दोघांना बाद केलं, पण तेवढ्यात क्लाइनडॉर्फचा एकजण तिसऱ्या बेसपर्यंत, धावेपासून एका टप्प्यावर पोचला होता. आता एक चेंडू नीट लागला की ओला, आणखी एक बाद झाला की कोरडा.

बॅट घेऊन आला मर्ल स्टांग, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. दोन चेंडू त्याचे हुकले; तिसरा हुकला की बाद. तिसरा निसटता लागून जाळीवर आदळला.

"फाउल!" ॲलॉयस म्हणाला.

बेसबॉलमध्ये दोन चुकल्यावर चेंडू असा बाहेर गेला तर बॅटर बाद होत नाही, धावही होत नाही. चेंडू पुन्हा टाकायचा. कितीदा? नियमाला तिथे टोक नाही.

पुढचा फाउल. त्याच्या पुढचाही फाउल.

दहाव्याला लोक हसायला लागले. "मर्ल, बिल तासावर लावतोस काय रे?" ह्यूबर्ट ओरडला. विसाव्याला टाळ्या पडल्या. तिसाव्यानंतर टाळ्या थांबल्या, कारण तिशीनंतर काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

डेल्फिन सवयीने मोजत होती. कागदी पिशवीवर पेन्सिलीने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. साठ. पंच्याऐंशी. मर्ल घामेजला नव्हता. चेंडू कधी जाळीवर, कधी डावीकडच्या गाड्यांमागे, कधी मक्यात. दर वेळी ॲलॉयस कमरेच्या पिशवीतून नवा चेंडू काढून पुसून फेकायचा. त्या पिशवीत सहा चेंडू मावतात.

तिने चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं. दोन पंचवीस. एकशे वीस रेघा झाल्यावर पुन्हा पाहिलं. दोन पंचवीस.

तिने कॉफीच्या भांड्याला बोट लावलं. चटका बसला. भांडं स्टोव्हवरून कधीच उतरवलेलं होतं.

"बर्निस, कॉफी गार होत नाहीये."

"बरंच आहे की," बर्निस खेळावरची नजर न काढता म्हणाली.

कुणी घाबरलं नव्हतं. हेच पहिल्यांदा डेल्फिनला विचित्र वाटलं. लोक पाय पसरून बसले होते, उन्हाला तोंड करून, घरच्या ओसरीत बसावं तसे. बोलत नव्हते. बॅटचा आवाज, मग "फाउल!", मग मक्यात वाऱ्याची सळसळ, मग पुन्हा बॅटचा आवाज.

आणि तो आवाज. "फाउल!" तिने कान दिला. तीस वर्षांपूर्वी ॲलॉयसचा आवाज असा होता, रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा. प्रत्येक चेंडूला तो खाली बसत होता आणि उठत होता. सकाळी बूट बांधून तो पाच मिनिटं पलंगावर टेकला होता. आता दोनशे वेळा बसला-उठला, आणि हात एकदाही छातीकडे गेला नाही. मुखवट्यातून दिसणारे गाल लाल होते.

डेल्फिनला बरं वाटलं. हे सांगायलाच हवं. तिला फार बरं वाटलं.

मग तिची नजर पिचरवर गेली.

पिचर उभा राहतो तो मातीचा लहानसा उंचवटा असतो. दर चेंडूला पिचरचा पाय तिथे घासतो, माती थोडी उडते. इतर वेळी दोन डावांमध्ये कुणीतरी ती भरून घेतं. कोल टेशचे घोटे दिसत नव्हते. तिने आणखी पन्नास रेघा ओढल्या. पोटऱ्या दिसत नव्हत्या.

घड्याळात दोन पंचवीस होते. कॉफी गरम होती. सगळं होतं तसं होतं. माती मात्र झिजत होती.

पिशवीवर जागा उरली नाही. डेल्फिनने पेन्सिल ठेवली.

ती उठली आणि दोरीपाशी गेली. जुना चिमटा गाठीवर तसाच होता. डावीकडे लावला तर मर्ल बाद. उजवीकडे लावला तर धाव. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पण दुधाचा नुसता वास घेऊन पाणी कळतं तसं तिला कळलं. काहीही केलं तरी डाव संपेल, मग सामना संपेल, मग संध्याकाळ होईल, आणि मग सोमवार.

तिने चिमट्याला बोटं लावली. तो कोमट होता.

बॅटचा आवाज थांबला.

तिने मागे पाहिलं. इतका वेळ खेळाकडे असलेले सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. बर्निस. फादर. ह्यूबर्ट, त्याच्या मांडीवर बायकोचा हात.

"राहू दे," बर्निस हलकेच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मला बुधवारी छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मिळायचाय," बर्निस म्हणाली. "ह्यूबर्टचं शेत शुक्रवारी विकायचंय. प्रत्येकाचं काही ना काही आहे, डेल्फिन. तुझं तर उद्यावरच आलंय."

"आणि तो पोरगा?"

ह्यूबर्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेष्टा करत नव्हता. "तो लेक अमालियाचा आहे," तो म्हणाला. "आपला नाही."

जाळीतून पलीकडे कोल टेश दिसत होता. गुडघ्यापर्यंत मातीत. तो तिच्या हाताकडे बघत होता. पाहुण्यांनाही ओला-कोरडा ठाऊक असतो.

"बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी स्पष्ट ऐकू आला. "बाई, कुठल्याही बाजूला लावा. चालेल मला."

पाहुण्यांच्या बाकावर त्याच्या बायकोचा पाय थांबला होता. बाबागाडी थांबली होती.

डेल्फिनने ॲलॉयसकडे पाहिलं. त्याने मुखवटा वर केला होता. तो ताठ उभा होता. उन्हात, दोन्ही पायांवर, सहज श्वास घेत. सकाळपासून, नाही, दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला असा श्वास घेताना पाहिलं होतं.

साठ.

तिने चिमट्यावरून बोटं काढली.

सगळे चेहरे पुन्हा खेळाकडे वळले. ॲलॉयसने मुखवटा खाली ओढला, पिशवीतून चेंडू काढला, पुसला आणि फेकला. बाबागाडी झुलू लागली. डेल्फिन खुर्चीत येऊन बसली, केकचे तुकडे केले, बशीत घातले. केक भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा वाफाळत होता. बर्निसने तिच्या हातावर हात ठेवला.

"फाउल!"

तिने पुन्हा रेघा ओढल्या नाहीत. काही वेळाने, त्याला वेळ म्हणायचं तर, बॅट हलायच्या आधीच आपल्याला कळतं आहे असं तिच्या लक्षात आलं. ती ओठातल्या ओठात "फाउल" म्हणायची आणि मग ॲलॉयस म्हणायचा. एकदाही चुकत नव्हतं. शंभरात शंभर.

ऊन सुरेख होतं. मक्यावर वारा होता.

हाताला घाम आला की पिचर पाठीमागे ठेवलेली भुकटीची पिशवी उचलतात. साधं कापडी पुडकं असतं, जमिनीवरच पडलेलं, जरा वाकलं की हाताशी येतं. कोल टेशने खेळ थांबवायची खूण केली. ॲलॉयसने मान हलवली.

कोलने हात डोक्याच्या वर उंच नेला आणि जमिनीवरून पिशवी घेतली.